कोंबडीची आणि बदकाची पिल्लं एकाच खोक्यात वाढवतेय. बदकं पायावर उभी राहत नाहीत, मदत करा

खाडीकाठ
११ जून, रात्री ९.४०

नमस्कार. नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमचं बैठं घर आहे आणि मागे जेमतेम एक गुंठा वाडी उरली आहे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरामागून खाडीपर्यंत भातखाचरं होती आणि दारात तीस-चाळीस गावठी कोंबड्या. खुराडं गेली पंधरा वर्षं रिकामं होतं, फुटक्या कुंड्या ठेवायला वापरायचो. या उन्हाळ्यात ते धुतलं, चुना मारला आणि २ जूनला एका उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणली. २० गिरीराज जातीच्या कोंबडीची आणि ८ खाकी कॅम्पबेल बदकाची. विकणाऱ्याने सांगितलं, दोन्ही एकत्र ठेवा, एकच खाद्य चालतं, लस दिलेली आहे.

खुराड्यात सोडायला अजून लहान आहेत म्हणून फ्रिजच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली. खाली वर्तमानपत्र, वर १०० वॅटचा बल्ब. खाद्य कोंबडीच्या पिल्लांचं, पोत्यातलं.

आज नववा दिवस. बदकं पाण्याचं भांडं अर्ध्या तासात रिकामं करतात, म्हणजे पितात थोडं आणि बाकी सगळं अंगावर आणि कागदावर. सकाळी खोकं उघडलं की वासाने डोळे झोंबतात. परवा रात्री पाऊस आला, दोन तास वीज गेली. सकाळी कोपऱ्यात कोंबडीची दोन पिल्लं मेलेली, बाकीच्यांच्या अंगाखाली चपटी झालेली. मुलीने ती पाहिली आणि दिवसभर जेवली नाही.

आणि कालपासून तीन बदकं उभीच राहत नाहीत. खायला येतात ती गुडघ्यावर, म्हणजे पायाच्या त्या मागच्या सांध्यावर, सरकत. एकाचे डोळे चिकटलेत, नाकपुड्यांवर खाद्याचा वाळलेला थर आहे. हातात घेतलं तर पोटाची लव ओली आणि पिवळसर, थंड लागली. काय चुकतंय? फोटो खाली टाकलेत.

मुरबाडकर
११ जून, रात्री १०.०५

ताई, आधी उठा आणि दोन्ही वेगळी करा, आजच्या आज. बाकीचं उद्या बोलू. बदकाला पाणी हवं आणि कोंबडीच्या पिल्लाला कोरडं हवं. एका खोक्यात दोघांचं समाधान होत नाही.

दिवाळे_कोळीवाडा
११ जून, रात्री १०.२०

मुरबाडकरांना अनुमोदन. वर्तमानपत्र काढा, भाताचं तूस घाला दोन इंच. गिरणीत मिळतं. आता लगेच मिळणार नसेल तर आज रात्रीपुरता जुना सुती टॉवेल किंवा गोणपाट अंथरा. गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय घसरतात.

निवृत्त_पशुवैद्य
११ जून, रात्री ११.१०

ताई, मुलीला सांगा की चूक तिची नाही आणि तुमचीही नाही. चुकीचा सल्ला मिळाला.

मला चार गोष्टी कळवा. एक, बदकांचे पाय दोन बाजूंना फाकलेत की सांध्यात सुजून वाकलेत? दोन, पाण्याचं भांडं किती खोल आहे? तीन, खाद्याच्या पोत्यावरच्या चिठ्ठीचा फोटो टाका. चार, कोंबडीच्या पिल्लांची विष्ठा कशी आहे, त्यात लालसर काही दिसतं का?

तोवर, बदकं काढून प्लॅस्टिकच्या मोठ्या टोपलीत ठेवा, सुक्या फडक्याने पोट पुसा, कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे आणि नाकपुड्या साफ करा. खोकं कोपऱ्यांचं नको. पुठ्ठा वळवून गोल कडं करा, दीड फूट उंच. पिल्लांना थंडी वाजली की ती एकमेकांवर चढतात, कोपरा मिळाला की खालची गुदमरतात. तुमची दोन तशीच गेली. गोलात ती पसरतात.

खाडीकाठ
१२ जून, सकाळी ७.१५

सगळ्यांचे आभार. रात्री साडेअकराला गोल कडं केलं, नवऱ्याने पुठ्ठा शिवला. बदकं कपड्यांच्या टोपलीत. आज सकाळी १८ च्या १८ कोंबडी पिल्लं ठीक आहेत.

डॉक्टर, उत्तरं: पाय फाकलेले नाहीत. मागचा सांधा सुजल्यासारखा आहे, एकाचा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतोय. पाण्याचं भांडं उथळ, अर्धा इंच, कारण बुडतील अशी भीती वाटली. चिठ्ठीवर फक्त प्रथिनं आणि स्निग्ध यांचे आकडे आहेत, फोटो टाकलाय. विष्ठेत लाल काही नाही.

निवृत्त_पशुवैद्य
१२ जून, सकाळी ८.५०

उत्तर सापडलं असं समजा. फाकलेले पाय असते तर दोष कागदाचा होता. सुजलेला सांधा आणि धनुष्यासारखा वाक, तेही दुसऱ्या आठवड्यात आणि फक्त बदकांत, हे नायसिनच्या कमतरतेचं चित्र आहे. नायसिन म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, ब-३. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात साधारण ३० ते ३५ मिलिग्रॅम पुरतं, बदकाच्या पिल्लाला ५५ लागतं. ट्रिप्टोफॅन नावाच्या प्रथिनांशापासून कोंबडी थोडंफार नायसिन शरीरात तयार करते, बदकाला ते नीट जमत नाही. त्यात आपल्याकडचं पोल्ट्री खाद्य मक्याचं, आणि मक्यातलं नायसिन अशा रूपात बांधलेलं असतं की पचनात मोकळं होत नाही. फक्त मक्यावर जगणाऱ्या माणसांना पेलाग्रा होतो तो याच कारणाने. म्हणून एकाच पोत्यातलं खाऊन तुमच्या कोंबड्या टुणटुणीत आहेत आणि बदकं बसली आहेत.

उपाय सोपा आहे. ब्रुअर्स यीस्टची (बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची) भुकटी आणा, किलोभर खाद्याला ५० ग्रॅम, बदकांना रोज. जी तीन बसली आहेत त्यांना तेवढ्याने भागणार नाही. जवळच्या पशुवैद्यकाला दाखवून पाण्यातून द्यायची नायसिनची मात्रा ठरवून घ्या. गोळी माणसांच्या औषधाच्या दुकानातच मिळते, पण वजनानुसार पाण्यात किती हे प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगावं. लवकर धरलं तर चार-पाच दिवसांत उभी राहतात. हाड एकदा वाकून पक्कं झालं की मात्र सरळ होत नाही, म्हणून आजच जा.

आता पाणी. बदकाला नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी प्यायला लागतंच लागतं. ते पाण्यात चोच खुपसून नाक आणि डोळे धुतं. अर्ध्या इंचात ते जमत नाही, म्हणून थर साचला आणि डोळे चिकटले. पण भांड्याचं तोंड अरुंद हवं, डोकं जाईल आणि अंग जाणार नाही असं. आईविना वाढणारं पिल्लू पाण्यात उतरलं तर लव भिजते, ते गारठतं आणि पोहता येत असूनही बुडतं. दोन आठवडे तरी अंघोळ नको. खाद्य थोडं ओलसर करून द्या. कोरडा भरडा बदकाच्या घशात अडकतो, आणि खाद्याशेजारी पाणी नसेल तर जीवही जातो.

दिवाळे_कोळीवाडा
१२ जून, सकाळी ९.३०

बदकांच्या पाण्याची आमची पद्धत सांगते. मोठी परात घ्या, तिच्यावर अर्ध्या इंचाच्या छिद्रांची लोखंडी जाळी ठेवा, भांडं त्या जाळीवर. बदकं जाळीवर उभी राहून पितात, उडालेलं सगळं पाणी खाली परातीत पडतं. दिवसातून दोनदा परात ओतायची, आम्ही केळीला घालतो. तूस कोरडं राहतं. हे करायच्या आधी मी रोज टोपलीभर ओला तूस बाहेर काढत होते.

येऊरची_पाऊलवाट
१२ जून, दुपारी १.०५

ऊब किती द्यायची हे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पुस्तकी आकडा म्हणजे पहिला आठवडा ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला ५ अंश कमी. पण तो आकडा थंड प्रदेशातही वापरतात. ठाण्या-बेलापुरात जूनमध्ये हवाच ८५ च्या आसपास असते. नवीन माणूस भीतीने बल्ब खाली आणतो आणि पिल्लं भाजून काढतो.

थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर गार आहे. कडेला पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर गरम आहे. सगळीकडे पसरून काही खातायत, काही झोपलीत, आवाज मंद आहे, म्हणजे बरोबर. आणि एक, झोपलेलं पिल्लू पंख पसरून, मान टाकून, मेल्यासारखं पडतं. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी अशी चार पिल्लं उचलून रडून घेतलं होतं, ती जागी होऊन तिच्या हातात चिवचिवली. घाबरू नका, बोट लावून बघा.

वीज गेली तर कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. धुराने नाही तर न दिसणाऱ्या वायूने पिल्लं आणि माणसं दोन्ही जातात. गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा, वर गोणपाट अर्धं झाका. अठरा पिल्लांना दोन तास सहज निघतात.

खाडीकाठ
१२ जून, रात्री ८.२०

कोपरखैरण्याच्या पशुवैद्यकांना दाखवलं, त्यांनीही नायसिनच सांगितलं. मात्रा लिहून दिली. यीस्ट मिळालं. परात आणि जाळीही झाली.

सासूबाई दिवसभर बघत होत्या. संध्याकाळी तूस पसरताना जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पिलू थंडीन नाय मरत पोरी, ओलीन मरतं." त्यांच्या काळी पिल्लं आणून बल्बखाली ठेवायची रीतच नव्हती. खुडूक कोंबडी असायची, ती डाल्याखाली पिल्लं घेऊन बसायची, आणि डालं रोज सुक्या जागी सरकवायचं, हा नियम. जागा बदलायची म्हणजे ओल आणि घाण साठतच नाही. मला हे आज पहिल्यांदा कळलं, लग्नाला बारा वर्षं झाली.

मुरबाडकर
१२ जून, रात्री ९.००

तुमच्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं ते खरं आहे, आणि कोकणपट्टीत तर फारच खरं. माझा अनुभव सांगतो, लांब आहे पण वाचा.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे २६ बदकांची पिल्लं होती, तीन आठवड्यांची, एकदम सुरेख. जुलैचा महिना, घरातला मका संपला म्हणून बाजारातून सुट्टा मका आणि शेंगदाण्याची पेंड आणली. पेंडीच्या एका कडेला हिरवट-करडी बुरशी होती. मी ती कड खरवडून काढली, बाकी पेंड उन्हात वाळवली आणि भिजवून घातली. वाटलं झालं. तिसऱ्या दिवसापासून पिल्लं सुस्त झाली, खाणं सोडलं, मान मागे ताणून पाय झाडत एक-एक गेली. पाच दिवसांत ११ गेली. गंमत म्हणजे, नाही, गंमत म्हणू नये, पण त्याच पोत्यातलं ४० कोंबड्यांनी खाल्लं आणि एकही मेली नाही. म्हणून मला पेंडीचा संशयच आला नाही, मी पाण्याला दोष देत बसलो. पशुवैद्यकांनी एक पिल्लू उघडून यकृत दाखवलं, फिकट आणि चिरफाळलेलं. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने सोडलेलं विष.

माझ्या हातून गेलेली ती ११ पिल्लं अजून डोळ्यासमोर येतात. बुरशी दिसली की पोतं टाका. खरवडू नका, वाळवू नका, शिजवू नका.

निवृत्त_पशुवैद्य
१२ जून, रात्री १०.१५

मुरबाडकर, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. थोडी भर घालतो. बुरशी मरते, पण तिने सोडलेलं विष शिजवून किंवा वाळवून जात नाही, उष्णतेला ते टिकतं. आणि पाळीव पक्ष्यांत बदकाचं पिल्लू त्याला सर्वांत नाजूक. हे विष शोधलं गेलं तेच पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लंही मेली, आणि मूळ सापडलं बाहेरून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत.

इथल्या पावसाळ्यात खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा. पोतं फरशीवर नको, भिंतीला टेकवून नको, लाकडी फळीवर ठेवा. बदकांचं ओलसर केलेलं खाद्य दोन-तीन तासांत संपेल एवढंच घाला, उरलेलं काढून टाका. रात्रीचं आंबलेलं सकाळी नको.

कोंबडीच्या पिल्लांचंही ओलीशीच नातं आहे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण येते, ज्याला आम्ही कॉक्सिडिऑसिस म्हणतो. तिचे जंतू विष्ठेतून पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग रोग करतात. खाली अंथरलेल्या तुसाची गादी कोरडी असेल तर ते पिकतच नाहीत फारसे. गादी रोज हाताने वरखाली करा, मुठीत धरून दाबा: ढेकूळ झाला तर ओली आहे, बदला. विष्ठेत रक्त, पंख पाडून गोळा होऊन बसणं, ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी औषध लागतं.

गच्चीवाली
१३ जून, सकाळी ११.३०

धागा वाचतेय, फार शिकायला मिळतंय. आम्ही खारघरला सातव्या मजल्यावर राहतो. मुलासाठी चार पिल्लं बाल्कनीत ठेवावीत का? बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली मिळतात ती.

येऊरची_पाऊलवाट
१३ जून, दुपारी १२.१०

ताई, मनापासून सांगतो, नको. ती रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात. अंडी देणार नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी स्वस्तात विकलेली. ऊब नाही, पाणी नाही, वरून रंग. बहुतेक आठवडाभरात जातात आणि मुलाला तेवढंच आठवतं. मुलाला आवड आहे तर कुणाच्या वाडीवर न्या. माझ्याकडे येऊरला या, पिल्लांना हाताने दाणे घालू दे त्याला.

गच्चीवाली
१३ जून, दुपारी १२.४०

पटलं. नक्की येऊ, धन्यवाद.

खाडीकाठ
१७ जून, रात्री ९.१०

खबर द्यायला आले. तीनपैकी दोन बदकं उभी राहिली! पहिलं रविवारी सकाळी. मुलगी ओरडतच आत आली. अजून डुलत चालतात पण परातीपर्यंत स्वतः जातात. तिसऱ्याचा पाय वाकलेलाच राहिला, सांध्याची सूज उतरली पण सरळ होत नाही. त्याला वेगळं ठेवलंय, खातंय-पितंय.

कोंबडी पिल्लांना रविवारी मानमोडीवरची, म्हणजे राणीखेत रोगावरची, लासोटाची लस दिली, डोळ्यात एक-एक थेंब. कोपरखैरण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की विकणारा म्हणाला ती लस मरेक्स नावाच्या दुसऱ्या रोगाची असणार, मानमोडीची वेगळी द्यावीच लागते, आणि ती खरं पाचव्या ते सातव्या दिवशी. आम्हाला तेराव्या दिवशी जमली. गम्बोरो या आणखी एका रोगाचीही काल झाली. पण एक गोष्ट मनाला लागली. लासोटाची लहानात लहान कुपी शंभर मात्रांची. आमची पिल्लं १८. उरलेल्या ८२ मात्रा ओतून टाकल्या.

अजून एक विचारायचं आहे. बदकं थोडी मोठी झाली की गावच्या तलावात किंवा पलीकडच्या धारण तलावात (पावसाचं-भरतीचं पाणी साठवायच्या तळ्यात) सोडावीत असं घरात चाललंय. चालेल ना? बदकाला पाणी म्हणजे जीव की प्राण.

दिवाळे_कोळीवाडा
१७ जून, रात्री ९.५५

पाणी हवं, पण ते नको. आमच्याकडची दोन बदकं खाडीच्या फाट्यात गेली ती परत आली नाहीत. वाडीत लहान मुलांचा रबरी टब ठेवा, दोन विटांची पायरी आत-बाहेर. पाणी रोज बदला, आळूला घाला.

निवृत्त_पशुवैद्य
१७ जून, रात्री १०.४०

मीही नको म्हणेन, आणि कारण फक्त हरवण्याचं नाही. ठाण्याची खाडी हे स्थलांतरित पक्ष्यांचं मोठं ठिकाण आहे. तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आपल्याला त्याचा अभिमान असावा. पण रानपक्ष्यांबरोबर बर्ड फ्लूचा विषाणूही फिरतो. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या भागात मेलेले पाणबगळे सापडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत, जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला. वेहळोली आणि चिरनेरला आजूबाजूच्या एक किलोमीटरमधले पाळीव पक्षी नष्ट करावे लागले, निरोगी असोत वा आजारी.

यात बदकाची अडचण अशी की तो विषाणू अंगात घेऊनही ते पुष्कळदा ठणठणीत दिसतं. तलावावरून संध्याकाळी घरी येतं, त्याच वाडीत कोंबड्या फिरतात, आणि कोंबड्या दोन दिवसांत मरतात. म्हणून बदकं घरच्या टबात, टबावर जाळी किंवा कापड, खाद्य छपराखाली, बगळे आणि कावळे येणार नाहीत असं. एकाएकी तीन-चार पक्षी मेले तर हात लावू नका, पुरू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, पण कायदा नसता तरी शेजाऱ्यांसाठी कळवलं पाहिजे.

खाडीकाठ
१८ जून, सकाळी ६.५०

घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. टब घेतोय.

मुरबाडकर
२१ जून, रात्री ८.३०

पिल्लं आता खुराड्यात नेणार असाल तर घूस विसरू नका. नवी मुंबईच्या गटारांतल्या घुशी मांजराएवढ्या असतात. साखळी जाळी उपयोगाची नाही, तिच्यातून मुंगूसही आत येतं. अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी, भिंतीलगत एक फूट खाली पुरून बाहेरच्या बाजूला वळवा. घूस भिंतीला लागूनच उकरते, जाळीवर नखं लागली की सोडून देते. दाराखाली बोटभरही फट नको. आणि सकाळी अंडी-पिल्लांच्या मागे धामण आली तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. तीच धामण तुमच्या घुशी खाते.

खाडीकाठ
२५ जून, रात्री ९.००

जाळी झाली, मुरबाडकर दादा. नवऱ्याने आणि दिराने दोन दिवस खपून पुरली. कोंबड्या खुराड्यात गेल्या, बल्ब फक्त रात्री आणि तोही पावसाची झड असेल तर. बदकं शेजारच्या पडवीत. आठच्या आठ आहेत. लंगडं टबात उतरलं की त्याचा पाय कळतच नाही, पाण्यात ते सगळ्यांत पुढे असतं. मुलगी त्याच्यासाठी विटांच्या पायरीवर गोणपाट टाकते, चढताना घसरू नये म्हणून.

आता २९ तारखेला रविवारी लासोटाचा दुसरा डोस आहे. पुन्हा शंभरची कुपी, पुन्हा १८ पिल्लं. घणसोली, तळवली, रबाळे, गोठीवली, ऐरोली इथे कुणाकडे कोंबड्या असतील तर सांगा. मला ती पुन्हा ओतून टाकायची नाही. पिल्लं घेऊन आमच्याकडे या, एकाच वेळी सगळ्यांना देऊ.

निवृत्त_पशुवैद्य
२५ जून, रात्री ९.४५

कल्पना उत्तम, फक्त पक्षी एका जागी आणू नका. एकाचा रोग सगळ्यांकडे जाईल. पक्षी घरीच राहू देत, कुपी फिरू दे. बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये न्या. द्रावण मिसळल्यापासून दोन तासांत संपवायची, म्हणून आधी घरं आणि आकडा पक्का करा. प्रत्येक घरात शिरताना चपला बदला, हात साबणाने धुवा. ज्यांच्याकडे एखादी जरी आजारी असेल त्यांनी या वेळी थांबावं. डोळ्यात थेंब घालताना पक्ष्याने डोळा मिटेपर्यंत सोडू नका. पाण्यातून देणार असाल तर नळाचं नको, मोरबे धरणाच्या पाण्यात पालिकेने घातलेलं क्लोरीन असतं, लस त्यातच मरते. बदकांना ही लस द्यायची नाही. त्यांची बदकांच्या प्लेगची लस वेगळी, साधारण आठव्या आठवड्यात.

रबाळे_गावठाण
२६ जून, सकाळी ७.३०

आतापर्यंत नुसता वाचत होतो. माझ्याकडे २२ गावठी आहेत, दीड ते चार महिन्यांच्या, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि कोंबडे मिळून. लस कधीच दिली नाही. दर वर्षी मानमोडीत निम्म्या जातात आणि आम्ही नशीब म्हणतो. मला मोजा.

तळवली_वाडी
२६ जून, सकाळी ९.१५

माझ्या ३०. सगळ्या बऱ्या आहेत. एक खुडूक बदकाच्या अंड्यांवर बसवली आहे, २८ दिवस बसायला लागतात म्हणून तिला रोज उठवून खायला घालते. तिला लस आता द्यावी का?

निवृत्त_पशुवैद्य
२६ जून, सकाळी ९.५०

बसलेलीला आता त्रास नको. अंडी फुटल्यावर देऊ. गावठीतल्या ज्या आठ आठवड्यांपुढच्या आहेत त्यांना नंतर आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस टोचावी लागेल, त्याचं पुढच्या महिन्यात बघू.

ऐरोली_दिवागाव
२६ जून, दुपारी २.००

माझ्या १६, दोन महिन्यांच्या. मी कारने येऊ शकतो, थर्मास मोठा आहे.

खाडीकाठ
२७ जून, रात्री ८.४०

१८ आमची, २२ रबाळे, २९ तळवली, १६ दिवागाव. ८५ झाली. दवाखान्यात बोलून ठेवलं आहे, कुपी शनिवारी संध्याकाळी घेऊन फ्रिजमध्ये ठेवते. रविवारी सकाळी सातला आमच्याकडे मिसळायची, साडेसातला तळवली, आठला रबाळे, साडेआठला दिवागाव, नऊच्या आत संपली पाहिजे. पक्षी रात्रीच कोंडून ठेवा, सकाळी मागे धावायला वेळ नाही. पाऊस असला तरी निघायचं. बर्फ मी करते, थर्मास दिवागावच्या दादांचा. प्रत्येकाने दारात एक बादली पाणी, साबण आणि जुन्या चपलांचा एक जोड ठेवा.

सासूबाई म्हणतात त्याही येणार, पक्षी धरायला.